मार्थाबाईचा दिवा

"फुंकू नका!"

माझ्या सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की फादर पास्कोल गाल फुगवलेल्या अवस्थेतच दिव्यापुढे थांबले. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला गुरुवार होता. संध्याकाळची प्रार्थना आटोपून वस्तीतली माणसं घरी गेली होती आणि आम्ही दोघी देवळात झाडलोट करत होतो.

"आता काय झालं, मार्थाबाई?"

"दिवा त्वांडानं इझवत न्हाईत. देवाच्या दिव्यावर उष्टी फुंकर घालत्यात व्हय? तुमच्या वसईत चालत आसंल."

"वसईत वाराच इतका, की माणसाला फुंकायची वेळ येत नाही," फादर म्हणाले. मग त्यांनी हंडीत हात घातला, चिमटीनं वात दाबली आणि पोळलेलं बोट तोंडात घातलं. "झालं समाधान?"

"न्हाई. मुळात इझवायचाच कशापायी?"

हा वाद दरवर्षीचा होता. आमच्या वेदीवर एक लाकडी पेटी होती. मिस्सेत, म्हणजे आमच्या उपासनेत, पवित्र केलेली भाकर झाकणाच्या पेल्यात घालून त्या पेटीत ठेवलेली असे. ती भाकर म्हणजे आम्हाला साक्षात प्रभू. पेटीत प्रभू आहे तोवर समोरच्या लाल काचेच्या हंडीत रात्रंदिवस दिवा तेवत ठेवायचा, आणि पेटी रिकामी झाली की दिवा शांत करायचा, असा नियम. वर्षातून एकदा, गुरुवारपासून शनिवारपर्यंत, पेटी रिकामी असायची. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे कधीच पटलं नाही. हंडीत करडईचं तेल घालण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते त्या कुणाला, मला सुद्धा, करू देत नसत.

"घरचं मानूस गावाला गेलं म्हून घर अंदारात ठिवत्यात का?" त्या म्हणाल्या. "उलट दिवा ठिवायचा. त्याला माघारी यायला वाट दिसाया नको?"

फादरना हसू आलं. "तुम्ही बिशप व्हायला हव्या होत्या."

"ते ऱ्हाऊ द्या. फुंकनार न्हाई म्हून वचन द्या."

"दिलं. कधीच फुंकणार नाही. तुम्ही रागावलात की भाकरी करपवता, ते मला परवडत नाही."

फादर आमच्याकडेच जेवत. माझे यजमान शांतवन मास्तर वस्तीची शाळा चालवायचे आणि धर्मशिक्षण द्यायचे. मला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं. फादर वसईच्या बागायतीतले, उंच, काटकुळे, आणि सुक्या बोंबलाशिवाय ज्यांचा जीव रमत नाही असे. त्यांची बहीण बोंबील पाठवायची आणि आत्याबाई नाकाला पदर लावून ते भाजून द्यायच्या. फादरना आई नव्हती. आत्याबाईंचा थोरला मुलगा लहानपणीच गेलेला होता. दोघांनी हे एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही, पण बोलायची गरजही नव्हती.

हे सगळं हिवरदऱ्याचं. आमची वस्ती गावकुसाबाहेर, नदीच्या अंगाला. ख्रिस्ती होण्याआधी गावातली मेलेली जनावरं ओढायची, मरीआईच्या गाड्यापुढे हलगी वाजवायची, तिचा गाडा शिवेपार न्यायचा, हे सगळं आमच्याच माणसांनी करायचं. ख्रिस्ती झाल्यावर आम्ही ते बंद केलं. गावानं काही वर्षं दातओठ खाऊन सोसलं. मग त्या उन्हाळ्यात गुरांमध्ये बुळकांडीची साथ आली. रंभाजी पाटलाची खिल्लारी जोडी एका दिवसात गेली. पारावर बोलणं सुरू झालं की मरीआई कोपली आहे, वस्तीतली माणसं बाटली म्हणून कोपली आहे.

फादर पाटलाकडे गेले ते मी स्वतः पाहिलं, कारण मास्तरांच्या मागोमाग मीही गेले होते आणि वाड्याच्या बाहेर उभी राहिले होते.

"तुमच्या जनावरांसाठी आम्हीही प्रार्थना करतो, पाटील," फादर म्हणाले.

"प्रार्थना नगं," पाटील म्हणाला. "मानसं दे. पुनवंच्या आत समद्यांनी मरीआईचं पानी पिऊन धर्मात माघारी यायचं, गाडा वढायचा. आन् तुझा त्यो दिवा, रातध्याड डोळं वटारून गावाकडं बघतुय, त्यो इझव. तुला कुनी हात लावनार न्हाई."

"माणसं माझी नाहीत, पाटील, तुम्हाला द्यायला. त्यांना विचारा."

"इचारू की," पाटील म्हणाला.

परत येताना मास्तर म्हणाले, "फादर, तुम्ही थोडे दिवस मोठ्या मिशनमध्ये जा. तुम्ही नसलात तर ते शांत होतील."

"मी नसलो तर ते तुम्हाला विचारतील," फादर म्हणाले.

पुनवेला अवकाश होता, तरी ते आधीच आले. दुपारी मी पाण्याला गेले होते. तिथे महिपती गुरवाची बायको धुणं धूत होती. महिपती हा मारुतीच्या देवळाचा गुरव, दिवाबत्ती करणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. एरवी ती माझ्याशी बोलत नसे. त्या दिवशी तिनं मान वर न करता, धुणं आपटत आपटतच सांगितलं, "मास्तरीनबाई, पोरंबाळं नदीपल्याड हलवा. आज येनार हायेत. भायेरगावची बी मानसं बोलावलीत." आणि घाईघाईनं कपडे गोळा करून ती निघून गेली.

नदीपलीकडे दुसऱ्या संस्थानचा अंमल होता, तिथे पाटलाचं काही चालत नव्हतं. दिवस कलायच्या आत वस्ती रिकामी करायची असं ठरलं. बायकांनी पोरं काखेत मारली, कुणी जातं घ्यायला निघालं, कुणी कोंबड्या. फादर त्या वेळी वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला होते. लंगड्या एलिया म्हाताऱ्याला उचलायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला पाठुंगळी घेतलं आणि तसेच नदीत उतरले. देवळाकडे जायला त्यांना सवडच मिळाली नाही. त्याला पलीकडे ठेवून लगेच परत येऊ, असा त्यांचा विचार होता. मास्तर आणि आत्याबाई मागे राहिले होते, घराला कुलूप घालून येतो म्हणाले होते.

पलीकडच्या वाळूत आम्ही सगळे बसलो तेव्हा सूर्य टेकला होता. तिथून आमची वस्ती समोर दिसायची. उंचवट्यावर देऊळ, आणि देवळाच्या खिडकीत तो लाल ठिपका. गावाच्या बाजूनं धुळीचा लोट येताना दिसला आणि बायकांनी रडायला सुरुवात केली.

यहोशवा तात्या उठला. वस्तीत त्याचा शब्द चालायचा. चार पोरींचा बाप, घाबरलेला.

"फादर, म्या सपष्ट बोलतो," तो म्हणाला. "घरं तिकडं, दानं तिकडं, शेरडं तिकडं. हितं वाळूत बसून काय पोरींना वाळू चारू? वंजळभर पानी प्यायचं हाय, पिऊन टाकू. द्येव काय तेवढ्यानं मरतुय व्हय?"

पाच-दहा माना हलल्या. माझीही हलली असती, खोटं कशाला सांगू. माझी लेक तापानं फणफणली होती.

फादर त्याला रागावले नाहीत. ते म्हणाले, "तात्या, आजची रात्र बसा. उद्या सकाळी जे वाटेल ते करा."

तात्यानं नदीपलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. त्यो दिवा हाय तवर बसतो. आमचा द्येव घरात हाय आसं समजून बसतो. दिवा गेला की म्या उठनार. मंग मला आडवू नगा."

"ठरलं," फादर म्हणाले.

आणि मग ते स्वतःच त्या दिव्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "सालोमीबाई, पेटीत पेला तसाच आहे. ते लोक पेटी फोडतील. पायदळी तुडवतील."

"फादर, जाऊ नका," मी म्हणाले. "तुम्हाला माझ्या लेकराची शपथ."

"दिवा दिसतो आहे ना? म्हणजे प्रभू तिथे आहे. त्याला तिथे टाकून मी इथे बसू?" मग माझ्याकडे पाहून हसले. "शपथा घालायची नाही, मी शिकवलंय ना? जाऊन आलोच. ते वस्तीत शिरायच्या आत परत येतो."

त्यांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलून कमरेला खोचला आणि पाण्यात उतरले. पाणी कमीच होतं. त्यांची पांढरी आकृती चढावर दिसली, मग झाडांआड गेली.

थोड्या वेळानं वरच्या अंगाला नदी ओलांडून मास्तर येताना दिसले. एका हातानं त्यांनी आत्याबाईंना धरलं होतं, दुसऱ्या हातानं छातीशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून ते सपाटीच्या लांबच्या वाटेनं आले होते. मास्तर धापा टाकत होते.

"फादर कुठायत?" त्यांनी विचारलं. "त्यांना सांगा, पेला मी आणलाय. मला हात लावायचा अधिकार नाही, मला ठाऊक आहे. पण वेदीवरच्या कापडानं धरून आणलाय. बोट लावलेलं नाही."

मलाच सांगावं लागलं.

"ते पेला आणायलाच गेले. दिवा दिसला म्हणून."

मास्तर मटकन वाळूत बसले, पण हातातलं खाली टेकू दिलं नाही. आत्याबाई उभ्याच होत्या.

"ह्यो इझवत व्हता," त्या म्हणाल्या. "पेटी रिकामी झाली, आता दिवा इझवतो म्हनला. म्याच न्हाई म्हनले. म्हनलं, आपली मानसं पल्याड बसलीत, त्यांना दिसू दे." मग त्यांनी नदीकडे तोंड करून हाक मारली, "फादर! आवं फादर! पेटीत काय न्हाई! माघारी या!"

त्यांचा आवाज निम्म्या नदीपर्यंतही पोचला नसेल. मास्तर पेला माझ्यापुढे करून म्हणाले, "धर, मी जातो." माझे हात पुढे होईनात. तेवढ्यात वस्तीत पहिलं छप्पर पेटलं आणि चार माणसांनी मास्तरांना कव घालून खाली बसवलं.

त्यानंतर आम्ही फक्त पाहत राहिलो. एकेक घर पेटत होतं. माझं पेटलं तेही मी पाहिलं आणि मला काही वाटलं नाही, कारण माझे डोळे त्या खिडकीवर होते. देवळाच्या भिंती दगडी, वर कौलं, ते पेटलं नाही. धुरानं लाल ठिपका झाकला की सगळे माना उंच करायचे. धूर सरला की तो पुन्हा दिसायचा.

"हाय," तात्या म्हणायचा. "हाय अजून."

मला आनंद व्हायचा. अगदी मनापासून आनंद व्हायचा, हे मी आज सांगते. मला वाटायचं, दिवा आहे म्हणजे त्यांनी देवळाला हात लावलेला नाही, म्हणजे फादर कुठेतरी लपून आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे. वाळूत बसल्या बसल्या मी त्या दिव्यासाठी देवाचे आभार मानत होते.

दिवा रात्रभर होता. एकही माणूस उठला नाही.

उजाडताना तो दिसेनासा झाला, पण तोवर गावातली माणसं निघून गेली होती. आम्ही नदी ओलांडून गेलो. फादर वेदीच्या पायरीशी होते. पेटीचं दार सताड उघडं होतं, हंडीतलं तेल संपून वात काळी पडली होती. त्यांच्याबद्दल याहून जास्त मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. मास्तर रात्रभर गुडघ्यांवर पेला धरून बसले होते. ते तसेच पायी मोठ्या मिशनकडे गेले, पेला तिथल्या फादरांच्या हाती द्यायला.

आम्ही वस्ती पुन्हा बांधली. त्या रात्रीनंतर कुणी पाणी प्यायला गेलं नाही, यहोशवा तात्या तर नाहीच. फौजदार आला, चार माणसांना घेऊन गेला, पुढे त्यातली तीन सुटून आली. देवळात नवे फादर आले. मात्र आत्याबाईंनी हंडीला हात लावणं सोडलं. तेल मी घालू लागले. त्या देवळात यायच्या, मागे दाराजवळ बसायच्या आणि दिव्याकडे पाठ करून प्रार्थना म्हणायच्या. मास्तरांनी समजावलं, नव्या फादरांनी समजावलं. त्यांचं एकच उत्तर असे: "माज्या दिव्यानं त्याला माघारी बोलावला."

खरंच होतं ते.

अलीकडे धर्मप्रांतानं एक तरुण फादर पाठवले होते, चौकशीसाठी. पास्कोल फादरांना हुतात्मा म्हणायचं की नाही, हे ठरवायचं आहे म्हणे. हुशार होते, सगळं नीट विचारत होते. म्हणाले, "आजी, पेटी रिकामी होती ना? मग ख्रिस्तशरीराच्या रक्षणासाठी ते मेले असं म्हणता येत नाही. आणि पेटी रिकामी, म्हणजे दिवा विझवण्यात नियमानं काही पाप नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले. "त्यांनाही ते माहीत होतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

मग मी त्यांना महिपती गुरव आला त्या दिवसाचं सांगितलं.

पुढच्या सुगीचे दिवस होते. मी अंगणात ज्वारी पाखडत होते, आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. महिपती कुडापाशी येऊन उभा राहिला, हातात तेलाचा बुधला. त्यानं आत यायला विचारलं. गावातला माणूस आमच्या अंगणात यायला विचारतो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी पोतं अंथरलं, पण तो बसला नाही.

"म्या व्हतो तितं," तो म्हणाला. "पाटलानं संगं नेलं मला. द्येवाधर्माचं काम हाय म्हनला. म्या हात उचलला न्हाई, पर व्हतो."

मी सूप खाली ठेवलं.

"तुमच्या फादरनं पेटी उघडली तवा आमी दारातच व्हतो. उघडली, आन् आत कायबी न्हाई. आमास्नी वाटलं, आता रडंल. तर त्येचं त्वांड कसं उजळलं. पोरगं सापडल्यावानी. पाटील म्हनला, कुटं गेला तुजा द्येव? त्यो म्हनला, पोचला जितं पोचायचा तितं."

आत्याबाईंनी मान वर केली.

"पाटलाला बी मारायचं नव्हतं, आज खरं सांगतो. भायेरची पोरं पिऊन आल्याली, त्येच्या हातात काय ऱ्हायलं न्हवतं. पाटील म्हनला, पेटी तर रिकामीच हाय, तुज्याच हातानं दिवा इझव, येक फुंकर मार आन् जा नदीपार. त्यो खिडकीशी गेला. पल्याड बगितलं. म्हनला, तितं मानसं बसलीत, पाटील, ह्या दिव्याकडं बगत. आज न्हाई इझवता येनार."

"मग?" मी विचारलं.

"मंग गलका झाला. येकानं त्येची मान धरून त्वांड हंडीपाशी न्हेलं. फुंक म्हनला, फुंक, न्हाईतर मरशील. आन् बाई, त्यो हासला. काय म्हनला ठावं हाय? म्हनला, फुंकायचा न्हाई, म्हातारी रागावती." महिपतीनं बुधला दुसऱ्या हातात घेतला. "कोन म्हातारी, ते काय आमाला कळलं न्हाई."

चिमण्या ज्वारीवर उतरल्या, त्यांना मी हाकललं नाही.

"त्यो पडल्यावर बी दिवा व्हताच," महिपती म्हणाला. "इझवा म्हनून पाटील सांगत व्हता. पर लागल्याला द्येवाचा दिवा, कुनाचा हात धजंना. मला म्हनला, तू गुरव, तू इझव. म्या पळालो." त्यानं बुधला पोत्यावर ठेवला. "चालत आसंल तर त्येच्या दिव्याला घाला. न्हाईतर द्या वतून."

तो गेला. त्याच्या पाठीकडे मी पाहत राहिले. मग वळून पाहिलं तर आत्याबाई भिंतीचा आधार घेऊन उठत होत्या. मी धरायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला. बुधला उचलून त्या देवळाकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेले.

हंडीपुढे त्या उभ्या राहिल्या. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदाच दिव्याकडे तोंड करून. त्यांनी हंडीत तेल ओतलं, निम्मं खाली सांडलं.

"येक फुंकर तर मारायची व्हती," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही. "येवढी मोटी मानसं तुमी, येवढं बी कळंना? म्या पुन्यांदा लावला आसता की."

मग तिथेच, सांडलेल्या तेलात, त्या खाली बसल्या.

"न्हाई रं रागावले आसते, बाळा," त्या म्हणाल्या. "न्हाई रं रागावले आसते."